निळ्या टीशर्टांचा रविवार

व्हर्लीन टॉलिव्हरला सहसा कुणाचं कौतुक वाटत नसे, आणि ते लपवायचे कष्टही ती घेत नसे. मेम्फिसमध्ये ती शहराची बस चालवायची. पुढच्या आरशात एक नजर टाकली की कोण फुकट बसायला बघतंय आणि कोण शेवटच्या थांब्यावर भांडण काढणार, हे तिला कळायचं. माणसांबद्दलचं तिचं मत त्या आरशातच पक्कं झालं होतं आणि ते फारसं बरं नव्हतं. अपवाद दोनच, मुलगा थॅडियस आणि नवरा अर्नेल. त्यातल्या अर्नेलवरही ती बहुतेक वेळा वैतागलेलीच असे.

थॅडियस दहा वर्षांचा, स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. बोलायचा अगदी थोडं, पण अंगापिंडाने बापावर गेलेला, चौदाचा वाटायचा. आवाज सहन झाला नाही की कान दाबून, ओरडत, वाट फुटेल तिकडे पळत सुटायचा. काळा, थोराड पोरगा रस्त्याने ओरडत धावतोय आणि 'थांब' म्हटलं तरी थांबत नाही, हे बघून एखाद्या पोलिसाचा हात कुठे जातो, हे त्या वस्तीत कुणाला सांगावं लागत नाही. व्हर्लीनला धास्ती होती ती याचीच. त्यावर तिच्याकडे एकच उपाय होता. वस्तीतल्या प्रत्येक घराच्या ओट्यावर त्याला चेहऱ्याने ओळखणारं कुणीतरी हवं, 'थांबा, हा व्हर्लीनचा पोरगा!' असं ओरडत पायऱ्या उतरणारं. अशी सगळी माणसं एकाच ठिकाणी सापडायची, दर रविवारी, न्यू बेथनी चर्चमध्ये.

थॅडियसवर उपचार करणाऱ्या क्लिनिकवाल्यांच्या हे डोक्यात शिरेना. त्यांची गोरी थेरपिस्ट मिस हॉली रंगीत कार्डं घेऊन घरी आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "मुलाचे वडील संपर्कात आहेत का?" अर्नेल समोरच सोफ्यावर बसला होता. त्याला ती मुलाचा मामा समजली होती.

"आहेत की," अर्नेल म्हणाला. "जरा पाय उचला, त्यांची चप्पल तुमच्या पायाखाली आहे."

मग म्हणे थॅडियस नजरेला नजर देत नाही, ते शिकवायला हवं. "मोठी माणसं बोलत असताना त्यांच्याकडे टक लावून बघणाऱ्या पोराला आमच्याकडे उद्धट म्हणून काय मिळतं, माहितीये?" व्हर्लीनने विचारलं. हॉलीने मान तिरकी करून समजूतदार चेहरा केला. तो चेहरा व्हर्लीनच्या डोक्यातच गेला. चर्चचं नाव निघालं तशी हॉली म्हणाली, "तिथे फार गोंगाट असतो. रविवारी त्याला झाडांत न्या ना, छान बागेत."

"पोलिसाला अडवायला झाडं येणार आहेत का?"

अशा तक्रारी बऱ्याच घरांतून गेल्या असाव्यात, कारण पुढे क्लिनिकने 'खास आपल्या समाजासाठी' म्हणून नवं माहितीपत्रक पाठवलं. आतला मजकूर तोच. वरच्या गोऱ्या पोराच्या जागी फक्त एक सावळं पोर छापलं होतं. व्हर्लीनने ते कॉर्नब्रेडच्या गरम तव्याखाली सारलं.

"कुठेतरी उपयोगी पडले बाई एकदाचे," ती म्हणाली.

आता ते परके, त्यांना काय बोलायचं. पण आपली म्हणवणारी माणसंही काही कमी नव्हती. न्यू बेथनीत शब्द चालायचा तो चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन रॉस्को पेटिग्रूचा. त्याचा धंदा अंत्यसंस्काराचा. निम्मी वस्ती त्यानेच पुरली होती आणि उरलेल्या वस्तीकडेही तो त्याच हिशेबाने बघायचा. ऑटिझमची कुठेशी चर्चा ऐकून आला आणि त्याला दयेचा झटका आला. लगेच समिती नेमली, फलक लावला, 'आपल्या खास मुलांचा रविवार' ठरवला. ऑटिझमचा रंग म्हणून निळे टीशर्ट, निळे फुगे, शिवाय तळलेल्या कोंबडीचं जेवण आणि फोटोवाला. त्यानंतरच्या रविवारपासून ही खास मुलं तळघरात बसणार होती. तिथे टीव्ही लावला होता आणि भिंतीही निळ्या रंगवल्या होत्या.

"अगं व्हर्लीन, त्यांच्याच सोयीसाठी केलंय."

"सोय कुणाची, डीकन? तळघरात त्याला कोण ओळखणार, बॉयलर?"

"हे बघ, पोरी. या रविवारी त्याला शांत बसून दाखवू दे. बसला तर कायम वर बसेल, माझा शब्द. नाही बसला तर खाली. आणि मग कुरकुर करायची नाही."

व्हर्लीन 'बरं' म्हणाली. उभ्या आयुष्यात तिने इतकं लाचार 'बरं' कुणाला म्हटलं नव्हतं. घरी जाताना तिने डीकनला दिल्या त्याच्या दुप्पट शिव्या स्वतःला दिल्या.

एरवी ती स्वतः चर्चमध्ये अशर म्हणून उभी असायची, पांढरा झगा आणि पांढरे हातमोजे घालून. येणाऱ्यांना जागा दाखवायची. कुणाच्या अंगात पवित्र आत्मा आला आणि माणूस रडू-नाचू लागला की बाकीच्या अशर बायकांबरोबर त्याच्याभोवती कडं करायची, त्याचा चष्मा काढून ठेवायची, वारा घालायची. पण मोठ्या रविवारी घरच्या बायकांना जरा बसता यावं म्हणून दुसऱ्या चर्चच्या अशर सेवेला येतात. त्या दिवशी माउंट हेब्रनच्या आल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनेही थॅडियसला कधी पाहिलं नव्हतं.

फोटो चांगले यावेत म्हणून डीकनने निळे टीशर्ट पहिल्या रांगेत बसवले, ढोलांना अगदी खेटून. एवढी अक्कल त्याच्या समितीतल्या एकालाही नव्हती. पहिलं गाणं थॅडियसने कान दाबून सोसलं. दुसऱ्याला तो डोलू लागला. तिसऱ्याला ढोलवाल्याने जोर धरला आणि थॅडियस ओरडत मधल्या वाटेने सुटला.

डीकनने आपल्या बाकावरून बोट दाराकडे केलं, बाहेर काढा. पण पाहुण्या बायकांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच, एक पोर देवाच्या घरात रडतंय आणि धावतंय, म्हणजे अंगात आत्मा आलाय. क्षणात कडं झालं, हातपंखे हलू लागले. ऑर्गनवाल्याने सूर चढवला, माणसं उभी राहिली. थॅडियस जितका किंचाळायचा तितकं सगळं चर्च "येस लॉर्ड!" म्हणून गर्जायचं. डीकनचं दाराकडचं बोट हळूच वर वळलं आणि स्तुतीला उंचावलं. निर्लज्जपणालाही काही मर्यादा असते, ती या माणसाने कधीच ओलांडली होती.

व्हर्लीन कडं फोडून आत शिरली. गालिच्यावर बसून तिने थॅडियसला पोटाशी घट्ट धरलं आणि त्याच्या कानांवरच्या हातांवर आपले हात दाबले. अर्नेल मागोमाग येऊन आडवा उभा राहिला. चर्चचे धर्मगुरू पास्टर गेन्स घामाघूम होऊन व्यासपीठावरून उतरले आणि त्यांनी तिच्यापुढे माईक धरला. "सिस्टर टॉलिव्हर, सांगा मंडळींना! परमेश्वराने आज काय केलं ते सांगा!"

डीकन तिच्या कानाशी वाकला. "बोल, पोरी. आत्मा आला म्हण. आत्म्याने शिवलेल्या पोराला तळघरात कोण बसवेल? कायमचं मिटेल."

आयुष्यात पहिल्यांदाच तो खरं बोलत होता. एक वाक्य बोलायचं आणि पोराची जागा वर पक्की. पण मग दर वेळी तो रडला की ही सगळी टाळ्या पिटणार. व्हर्लीनने माईक घेतला.

"याच्या अंगात कुणीही आलेलं नाही. हा थॅडियस आहे. त्याचे कान दुखतायत म्हणून तो रडतोय आणि तुम्ही नाचताय. ढोल बंद करा."

ढोलवाल्याने पास्टरकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि काठ्या मांडीवर ठेवल्या. ऑर्गनही थांबला.

"तळघरात तो बसणार नाही. पुढच्या रविवारी इथेच बसेल, ढोलापासून लांब. कदाचित परत पळेल. तेव्हा त्याचा चेहरा सगळ्यांनी नीट बघून घ्या. रस्त्यात पळताना दिसला तर घराबाहेर या आणि त्याच्या नावाने ओरडा. टीशर्ट नकोत मला तुमचे."

वाहन कुठे लावायचं या सूचनेलासुद्धा आमेन म्हणणारं ते चर्च. एकाच्याही तोंडून आमेन निघालं नाही. पंखे हातातल्या हातात थांबले. डीकन खाली, स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

त्या गप्प झालेल्या चर्चमध्ये थॅडियसने कानांवरचे हात काढले.