ओहोटीला गाठलेलं माहेर

वडील गेल्यापासून आईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं नव्हतं. दूधवाल्याच्या खुणा करायच्यासुद्धा तिने सोडून दिल्या होत्या. त्यामुळे वर्षश्राद्ध उरकल्यानंतर एका सकाळी ती कॅलेंडर काढून खिडकीपाशी उजेडात घेऊन बसलेली दिसली, तेव्हा मी हातातली भाजी तशीच ठेवून बघत राहिले.

"माहेरी जाऊन येऊ," ती म्हणाली. "अष्टमी-नवमी धरून जाऊ. दुपारी ओहोटी मिळेल, कड्यांखालनं फिरता येईल. संध्याकाळच्या एस्टीने परत."

मी लगेच हो म्हटलं. तिने आपणहून काहीतरी मागितलं होतं, एवढंच मला पुरेसं होतं. मी लग्न होऊन शिरवण्यात राहत होते आणि दर दोन-चार दिवसांनी कोपरखैरण्याला तिच्याकडे चक्कर मारत होते. दर वेळी ती दार उघडायची, चहा ठेवायची, आणि मी काय बोलते याकडे नुसती बघत बसायची. संक्रांतीला मी तिच्याकडेच होते, तेव्हा तिच्या ओळीतल्या बायका हळदीकुंकवाला निघाल्या, दारावरून हसत गेल्या आणि पलीकडच्या घरात शिरल्या. आई ओट्याशी उभी होती. तिने पाहिलं आणि कुकरची शिट्टी नीट बसवली. त्या बायकांना चार शब्द सुनवायला मी चप्पल घालत होते, तर तिने मला हाताला धरून खाली बसवलं. मी पहिल्यापासूनच तोंडाळ. ती तशी नव्हती.

आईचं माहेर श्रीवर्धनच्या अलीकडे, समुद्राला चिकटून. वडील साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात हमाली करणारे. त्यांना समुद्राचं अजिबात कौतुक नव्हतं. मासे खायचे, पण शिंपल्यातली कालवं ताटात आली की "हा काय शेंबूड शिजवलास" म्हणून ताट सरकवायचे. आई माहेराहून परत आली की मात्र ते दारातच उभे असायचे. तिच्या ओटीतला नारळ घ्यायचे, पायरीच्या कडेवर एका फटक्यात फोडायचे, पाणी पेल्यात धरून आधी स्वतः प्यायचे आणि तोंड वाकडं करून म्हणायचे, "खारट आहे. तुमच्याकडे माडालाबी समुद्रच पाजतात काय?" दर वेळी हेच. आणि आई दर वेळी रागावल्यासारखं करून उरलेला पेला हिसकावून घ्यायची. लहानपणी मला वाटायचं की पाणी खरंच खारट असतं.

आम्ही अंधारातच निघालो आणि पनवेलहून एस्टी धरली. मामा फाट्यावर उभा होता. तो आईचा धाकटा भाऊ. आईला बघून त्याने आधी तिच्या हातातली पिशवी घेतली. "ताय, पानी उतराय लागलंय. चहा घे न् निघू लगेच," तो म्हणाला. मामीने चहा दिला, आईच्या पाठीवरून हात फिरवला, थोडी रडली आणि "तुमी फिरून या, मी जेवनाचं बघते" म्हणून चुलीपाशी गेली.

गावाच्या मागे टेकडी आहे आणि ती समुद्रात एकदम तुटते. वरून पाहिलं की काळे कडे एकापुढे एक खाली गेलेले दिसतात आणि दोन कड्यांच्या मध्ये वाळूची एकेक छोटी पुळण. भरतीला या पुळणींचा पत्ता नसतो. ओहोटीला मात्र कड्यांच्या पायथ्याने एकीतून दुसरीत जाता येतं. मी लहानपणी सुट्टीला यायचे, पण मला खाली कधी सोडलं नव्हतं.

कड्यावर वारा इतका होता की आईच्या डोक्यावरचा पदर उडाला. वडील गेल्यापासून तो पदर कधी खाली आला नव्हता. मला वाटलं, ती घाईने सावरेल. तिने सावरला नाही. तिने तो कमरेला खोचला, चपला काढून मामाच्या हातात दिल्या आणि करवंदीच्या जाळीतून जाणाऱ्या पायवाटेने उतरू लागली. मी सलवार-कमीजमधली तरणी बाई बसून-सरकून उतरत होते, मामा मला हात देत होता, आणि आई पुढे. "हितं पाय नको ठेऊ, हा दगड हलतो," ती वळून म्हणाली. तिने लग्नाआधी पाहिलेला दगड खरंच हलला.

पहिल्या पुळणीत शिंपल्यांचा नुसता चुरा होता. दुसरीत एक घळ होती, कड्याच्या पोटात शिरलेली, आत लाट आली की घुमायची. लहानपणी आजोबा मारायला धावले की ही दोघं तिथे लपायची, असं मामाने सांगितलं. "मी नाय, तू लपायचास. मी मार खायचे," आई म्हणाली. मग घळीच्या तोंडाशी उभी राहून तिने आत जोरात हाळी घातली. हाळी फिरून परत आली, तशी ती हसली. वर्षभराने मी तिचं हसू ऐकलं. मी पाठ फिरवून समुद्राकडे तोंड केलं, कारण मला रडू आवरत नव्हतं आणि तिने ते पाहायला नको होतं.

तिसऱ्या पुळणीपाशी खडकांवर कालवं धरलेली होती. मामाने टोकदार लोखंडी काटा आणला होता, तो आईने त्याच्या हातातून काढूनच घेतला. गुडघाभर पाण्यात ओणवी होऊन ती एकेक शिंपलं उचकटू लागली. धारेने बोट कापलं, तर तोंडात घालून चोखलं आणि पुन्हा कामाला लागली. "आमच्या घरात कोन खानार यवढी," ती पुटपुटली, पण थांबली नाही. डबा भरला. केस विस्कटलेले, साडी भिजून पोटऱ्यांना चिकटलेली, आणि ती मामाशी कुठल्याशा जुन्या म्हशीवरून भांडत होती. ती माझी आई नव्हतीच त्या वेळी, मामाची ताई होती. मला इतका आनंद झाला होता की आपण दर महिन्याला इथे येऊ असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

पाणी फिरायच्या आत आम्ही वर आलो. जेवलो. मग निघायची गडबड सुरू झाली.

मामीने ओटीचं तबक आणलं आणि आधी मला हाक मारली. आमच्यात ओटी मोठीची आधी भरतात. माझ्या लग्नानंतर आलो तेव्हाही आधी आई, मग मी. मामीने माझं नाव घेतलं तेव्हा मला सगळं कळलं. आई मागच्या अंगणात पायाची वाळू धूत होती. लवकर आटपेल, तिच्या नजरेस पडणार नाही, म्हणून मी पटकन पाटावर बसले. मामीच्याही मनात तेच असावं. तिने भराभर कुंकू लावलं, खण, नारळ आणि तांदूळ माझ्या ओढणीत घातले. मी उठले.

आणि आई ओल्या पायांनी आत आली, मी मोकळ्या केलेल्या पाटावर बसली आणि तिने कमरेचा पदर सोडून समोर पसरला.

"भर गो वयनी," ती म्हणाली. "एस्टी चुकल."

मामीची ओंजळ तांदळात होती, ती तिथेच राहिली. तिने मामाकडे पाहिलं. दिवसभर ताईच्या पुढेमागे करणारा मामा दाराच्या चौकटीकडे बघत होता. मामी वाईट नव्हती, हे मला लिहिलंच पाहिजे. तिचे डोळे भरून आले होते. पण तिचा हात काही वर येईना.

आईने पदर धरूनच मान वर केली. मामीकडे पाहिलं, तबकातल्या कुंकवाच्या कोयरीकडे पाहिलं. तिचा चेहरा मिटत गेला.

"अगो बाय," ती हळू आवाजात म्हणाली. "इसरलेच मी."

मला मामीचा राग आला, मामाचा आला, त्या तबकाचा आला. देवाचा तर वर्षभर होताच. मी पुढे झाले आणि माझ्या ओढणीतलं सगळं, तांदूळ, खण, नारळ, तिच्या पदरात ओतायला गेले. तिने माझी मनगटं धरली. कालवांनी कापलेल्या बोटांची पकड केवढी घट्ट होती.

"वेडी आहेस का?" ती मला आमच्या घरच्या बोलीत म्हणाली. "ओटी रिकामी करतात का अशी? तुझा नवरा आहे घरी." खाली सांडलेले दाणे तिने एकेक करून वेचले, माझ्या ओढणीत टाकले आणि स्वतःच्या हाताने गाठ मारली. मग ती ओढून पक्की केली. एवढं झाल्यावर पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "चला."

एस्टीत ती खिडकीशी बसली. कालवांचा डबा पायाशी होता. मी मामा-मामीला बरंच काही बोलले, रूढींना बोलले, शेजारच्या सीटवरचा माणूस वळून बघेपर्यंत बोलले. ती ऐकत होती की नाही, कोण जाणे. माणगाव मागे पडलं. उन्हं उतरली.

"दिवस चांगला गेला," ती म्हणाली.

मी ओढणीतला नारळ मांडीवर नीट धरला.

"वयनीला बोलू नकोस. तिचं काय चुकलं? मीच बसले जाऊन." जरा वेळाने ती पुन्हा म्हणाली, "विधवेची ओटी भरत नाहीत, हे मी विसरले नव्हते गं. तेवढं मला कळतं."

"मग?"

ती माझ्या मांडीवरच्या नारळाकडे बघत होती.

"ते गेलेत, तेच विसरले," ती म्हणाली. "घरी गेल्यावर दारात उभे असतील आणि म्हणतील, पाणी खारट आहे. तेवढंच डोक्यात होतं बघ."

मग तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. कोपरखैरण्याला पोचेपर्यंत मी तो नारळ दोन्ही हातांनी धरून बसले होते.