अकरा वेळा कबूल

सांगली ते सातारा जाणाऱ्या सर्व्हिस मोटरींत रायगोंडाची मोटर बायका मुद्दाम बघून चढायच्या. का, तर तिच्यात झोप लागते म्हणून. मांडीवर दुधाची भरली किटली घेऊन बसावं आणि साताऱ्यात उतरेपर्यंत लुगड्यावर थेंब पडू नये, असं त्याचं चालवणं. बाकीचे ड्रायव्हर रस्त्याशी भांडत जायचे. हा रस्त्याची समजूत काढत जायचा.

तसा तो कृष्णाकाठच्या जैन पाटील शेतकऱ्याचा मुलगा. घरात ऊस, गुऱ्हाळ, तीन भाऊ. अठराव्या वर्षी त्यानं पहिली मोटर पाहिली आणि उसाचं पाणी अर्धवट सोडून तिच्या मागं गेला. बापानं वर्षभर बोलणं टाकलं. पाटलाच्या पोरानं दुसऱ्याची गाडी धुवावी, हे म्हाताऱ्याच्या पचनी पडणारं नव्हतंच. पण रायगोंडा धुता धुता शिकला, लायसन काढलं, माधवनगरात दोन खोल्या घेतल्या आणि गुणमालाला लग्न करून तिथं आणलं. पुढची बावीस वर्षं त्या लायसनवर शाईचा ठिपका पडला नाही. रोज सकाळी तो ते रुमालात गुंडाळून आतल्या खिशात ठेवायचा आणि मगच चहाला तोंड लावायचा.

आणखी एक खोड होती. त्याला खोटं बोलता येत नसे. कुणी उतारूनं विचारलं, "अण्णा, मिरजेची आगगाडी घावंल न्हवं?" तर दुसरा ड्रायव्हर म्हणेल, "घावंल की." हा घड्याळाकडं बघून म्हणायचा, "न्हाई घावायची." कंडक्टर केरबा चिडायचा. "अण्णा, गिऱ्हाईक उतरून चाललं की वं." रायगोंडा म्हणायचा, "जाऊ दे. मोटर भरंस्तवर सुटायची न्हाई, इथनं चालत गेलं तर घावंल तरी."

असल्या माणसाचं पोलिसांशी कसं जमावं? पण इतकी वर्षं जमलं होतं. बिघडलं ते सेहेचाळीस सालच्या मार्गशीर्षात, एका जागेवरून.

वाटेत वाघजाई नाका म्हणून पोलीसचौकी होती. तिथला सयाजी जमादार मोटरीत चढला, की ड्रायव्हरशेजारची पुढची जागा त्याची. तिकीट नाही, विचारणं नाही. आधी कुणी बसलं असेल त्यानं मुकाट्यानं मागं जायचं. त्या दिवशी त्या जागेवर मनुबाई होत्या. कोरेगाव तालुक्यातल्या एका आडगावची पन्नाशीची बाई, पोटात गाठ, मिरजेच्या दवाखान्यात कापाकापी ठरलेली. मागच्या बाकावर धक्के सोसणार नाहीत म्हणून रायगोंडानंच त्यांना पुढं बसवलं होतं, खाली घोंगडी अंथरून.

जमादार पायरीवर पाय ठेवून म्हणाला, "म्हातारे, ऊठ."

मनुबाई दांडीला धरून उठायला लागल्या. रायगोंडा म्हणाला, "बसा मावशी. जमादारसाहेब, बाई आजारी हाईत. मागं जागा हाय, तुमी मागं बसा."

एवढंच. आवाज चढवला नाही, कपाळाला आठी नाही. पण मागं चाळीस माणसं बसली होती आणि त्यातलं कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसणाऱ्याला पुढं काय झालं याचा कधी पत्ताही लागला नसेल. जमादारानं पायरीवरचा पाय काढून घेतला. "जा," तो म्हणाला, "बघतो."

आणि त्यानं खरोखरच बघितलं. आठवड्यात पहिला खटला आला: मागचा दिवा बंद. भर दुपारी बारा वाजता. मग भोंगा नीट वाजत नाही. मग पावसाळ्यात नंबराच्या पाटीवर चिखल, जेव्हा अख्ख्या रस्त्यात चिखलावाचून दुसरं काही नव्हतं. मग टपावर जादा माणूस. तो टोपल्या उतरवायला चढलेला केरबाच होता. पुढच्यामागच्या मोटरी त्याच नाक्यावरून शीळ घालत जायच्या आणि रायगोंडाच्या मोटरीपुढं तेवढा हात आडवा व्हायचा.

आता या खटल्यांचं काय करायचं, याची सगळ्या ड्रायव्हरांत एक ठरलेली रीत होती. तारखेच्या दिवशी मोटर उतारूंसकट तालुक्याच्या कोर्टासमोर उभी करायची. उतारू चहा प्यायला उतरायचे. ड्रायव्हर आत जाऊन रांगेत उभा राहायचा. नाव पुकारलं, "गुन्हा कबूल?" असं विचारलं, की "कबूल" म्हणायचं. दंड मालकाचा कारकून भरायचा, लायसनवर शेरा पडायचा आणि अर्ध्या तासात मोटर सुटायची. गुन्हा कुठला, हेही कुणी धड ऐकत नसे. नाकबूल म्हटलं की तारखेमागं तारीख, साक्षी, वकील, आणि तोवर मोटर चौकीच्या आवारात. मालक आप्पासो म्हणायचे, "रायगोंडा, कबूल म्हन आन् सूट. मान्सं खोळंबत्यात."

पहिल्या खेपेला त्याची जीभ अडखळली होती. ज्या माणसाला आगगाडी मिळेल एवढं खोटं बोलवत नव्हतं, त्याला न केलेला गुन्हा कबूल करायचा होता. त्यानं वळून दारातून बाहेर पाहिलं. मोटरीत एक बाळंतीण पोराला थोपटत बसली होती. तो म्हणाला, "कबूल." दुसऱ्या खेपेला वळून पाहावं लागलं नाही. मला सगळ्यात राग येतो तो याचा. मारून वदवून घेतलं असतं तर अंगावर वळ तरी राहिले असते.

पाचव्या शेऱ्यानंतर गुणमालानं लायसन उघडून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण लाल शाई दिसत होती. "आवं, पयलं हे असं न्हवतं," ती म्हणाली. त्या रात्री जेवण दोघांनाही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तो सांगलीला अजितकुमार वकिलांकडं गेला. त्यांच्याच समाजातला तरणा, तळमळीचा वकील. त्यानं रागारागानं साताऱ्याच्या वरिष्ठांना अर्ज लिहिला: आकसापोटी खटले होत आहेत, चौकशी व्हावी.

चौकशी झाली. अर्ज साताऱ्याहून तालुक्याला आला, तालुक्याहून चौकशीसाठी वाघजाई नाक्यावर आला. सयाजी जमादारानं मोटर थांबवली आणि उतारूंसमोर तो अर्ज सावकाश वाचून दाखवला. "अक्षर ब्येस हाय," तो म्हणाला. "आता भोंगा वाजव बगू."

दरम्यान स्वराज्य आलं. पुढं सांगलीचं संस्थान गेलं. स्वराज्याच्या दिवशी रायगोंडानं मोटरीला आंब्याची तोरणं बांधली, कारण त्याला मनापासून वाटलं होतं, की आता ही छळणूक संपली. नाक्यावरचा झेंडा बदलला, झेंड्याखाली जमादार तोच. पंधरा दिवसांत सातवा खटला आला. तेव्हापासून तो उमेदीनं काही बोललेला केरबाला आठवत नाही.

अकरा शेरे झाले. मग सरकार खाजगी मोटरी ताब्यात घेऊन आपल्या गाड्या सोडणार, अशी बोलवा उठली. ड्रायव्हर जुनेच घेणार, पण लायसन बघून. त्याच महिन्यात बारावा खटला झाला, आणि हा दिव्याभोंग्याचा नव्हता. ड्रायव्हरनं जाणूनबुजून कामावरच्या पोलिसाच्या अंगावर मोटर घातली. खरं तर जमादार हात वर करून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला होता आणि रायगोंडाची मोटर नेहमीसारखी त्याच्यापासून दोन हातांवर, आतल्या झोपलेल्या माणसाला जाग न येता, थांबली होती.

"हे कबूल म्हणायचं नाही," अजितकुमार म्हणाला. "हे कबूल केलंत तर लायसन गेलं. लढायचं. आपल्याला साक्षीदार बोलावायचा हक्क आहे, राग कुठून सुरू झाला ते सांगायचा हक्क आहे. साक्षी एकाच तारखेला घ्यायला लावतो, मोटर अडकणार नाही."

रायगोंडा स्वतः मनुबाईंच्या गावी गेला. बाई जगल्या होत्या. अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचा मुलगा कृष्णात आडवा आला. "आय, आपल्याला नाक्यावरनंच जावं लागतंय रोज." मनुबाई म्हणाल्या, "मला त्येनं झोपवून न्हेलं मिरजंला. म्या येनार."

त्या आल्या. तारखेदिवशी सकाळी साताऱ्याहून निघालेल्या मोटरीत वाटेत चढल्या. मोटरीत सांगलीचे तीसेक उतारू होते. नेहमीप्रमाणे मोटर कोर्टासमोर उभी राहिली, उतारू चहाला उतरले. खटला लढवायचा म्हणजे अर्ध्या तासाचं काम नव्हे, हे रायगोंडाच्या डोक्यात आलंच नाही. दोन वर्षांत कोर्ट म्हणजे अर्धा तास, हे अंगात भिनलं होतं.

मनुबाईंनी साक्ष फार चांगली दिली. भ्याल्या नाहीत, पाल्हाळ लावला नाही. "ह्यो म्हनला ऊठ. त्यो म्हनला बसा. तवापासनं ह्येचा दात हाय त्येच्यावर." सरकारी वकिलानं खोदून विचारलं, "तुम्हाला काय माहीत दात आहे ते?" त्या म्हणाल्या, "म्या त्वांड बगितलं न्हवं का त्येचं." कोर्टात लोक हसले. अजितकुमारचा चेहरा उजळला. रायगोंडालाही, पुष्कळ दिवसांनी, छातीत मोकळं वाटलं.

मॅजिस्ट्रेट वयस्कर होते, सभ्य होते. त्यांनी चष्मा पुसला. "बाईंची साक्ष मला खरी वाटते," ते म्हणाले. "जमादारांचा राग असेल, हेही मी मानतो." मग त्यांनी लायसन उघडलं आणि पानं उलटली. "पण ही अकरा प्रकरणं. त्यात तू स्वतः काय म्हणालास?"

"कबूल म्हनलो."

"कुणी मारलं? धमकावलं?"

"न्हाई, साहेब."

"गुन्हे केले होतेस?"

"न्हाई."

"म्हणजे एक तर तू अकरा गुन्हे केलेस, नाहीतर या कोर्टात उभा राहून अकरा वेळा खोटं बोललास. दोन्हींतलं काय लिहून घेऊ?"

अजितकुमार उठला, बसला.  रायगोंडाला खरं तेच सांगायचं होतं आणि खरं तर फार साधं होतं. "साहेब," तो म्हणाला, "तवा भाईर मोटर हुबी हुती. मान्सं खोळंबली हुती."

मॅजिस्ट्रेटांनी टाक उचलला. त्यांना वाईट वाटलं असावं. पण ते लिहून घ्यायला कागदावर जागा नव्हती. जो आपल्याच शब्दाला जागत नाही त्याच्या नाकबुलीवर विश्वास कसा ठेवावा, अशा अर्थाचं त्यांनी काहीतरी सांगितलं. लायसन रद्द. पाच वर्षं कुठलीही मोटर चालवायला बंदी. सत्तेचाळीस वर्षांच्या ड्रायव्हरला पाच वर्षं म्हणजे कायमचीच. कारकुनानं लायसन ठेवून घेतलं आणि रिकामा रुमाल त्याला परत दिला.

बाहेर ऊन कलत होतं. उतारू वैतागून मोटरीभोवती उभे होते. एक कापडाचा व्यापारी घड्याळ काढून म्हणाला, "काय हो ड्रायव्हर, तीन तास? कधी सुटणार?"

"मला चालवता यायची न्हाई," रायगोंडा म्हणाला. "लायसन काढून घेतलं." केरबाला चालवता येत नव्हती. सयाजी जमादार कोर्टाच्या पायरीवर विडी ओढत, कोण चाकावर बसतो ते बघत उभा होता.

"तुला ठावं हुतं, तर आमाला आनलास कशापायी?" मागून एक माणूस म्हणाला. एक बाई म्हणाली, "आमची लगीनघाई हाय की वं तिकडं." कुणी विचारलं नाही की काय झालं. रायगोंडा टपावर चढला आणि ट्रंका, गाठोडी, कोंबड्यांची डालगी एकेक करून खाली केरबाच्या हातात द्यायला लागला. शेवटची वळकटी देऊन झाल्यावर तो उतरला.

मनुबाई मोटरीच्या सावलीत बसल्या होत्या. "बाबा," त्या म्हणाल्या, "म्या खरं त्येच सांगितलं."

"व्हय मावशी. साहेबबी म्हनले, खरं हाय."

"मग?"

 त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. त्यानं त्यांना हाताला धरून उठवलं आणि कोरेगावाकडं जाणारी एखादी बैलगाडी मिळते का, ते बघायला तो बाजाराच्या दिशेनं चालायला लागला.