नकाशा फिरवा, अक्का!

सायकलला लागलेला चिखल रविवारी दुपारी धुऊन निघतो. आमच्या ग्रुपचे किस्से मात्र आठवडाभर निघत नाहीत, आणि पुढच्या रविवारी त्यांच्यावर नवा थर चढतो.

आमचा खेळ म्हणजे माउंटन बाइक ओरिएंटिअरिंग. हँडलवर नकाशा लावायचा, शहराबाहेरच्या रानात बांधलेले आठ झेंडे क्रमाने शोधायचे, प्रत्येक झेंड्यापाशी लटकवलेल्या पंचने कार्डाच्या चौकटीत भोकं पाडायची. दोन तासांत आठही झाले तर फळ्यावर नावापुढे ‘पूर्ण’. माझ्या नावापुढे तीन वेळा ‘अपूर्ण’ लागलं. पन्नाशीत मला एवढी एकच हौस होती, एकदा तरी ‘पूर्ण’ व्हायचं!

*

पहिल्या दिवशी ग्रुप चालवणारे अण्णा म्हणाले, “नकाशातली उत्तर नेहमी खऱ्या उत्तरेकडे ठेवा.”

मी उतरले, सायकल उचलून उत्तरेकडे केली आणि नकाशा वाचला. प्रत्येक वळणावर हेच. चौथ्या वळणाला अण्णांना राहवेना.

“अक्का, नकाशाची पाटी फिरते! ती फिरवा, सायकल राहू द्या!”

*

वाटेत कुणाला रस्ता विचारायचा नाही, हा नियम. दुसऱ्या वेळी एक चहावाला मला थेट तिसऱ्या झेंड्यापर्यंत सोडायला आला.

“विचारलंत ना?” अण्णा रागावले.

“नाही हो. त्यांनीच विचारलं, कुठे चाललात म्हणून. उत्तर न देणं बरं दिसतं का?”

*

आमच्या ग्रुपमधली केतकी पुण्याची, आयटीतली, राहायला बेळ्ळंदूरला, म्हणजे रोजच्या ट्रॅफिकमध्ये. एकदा ती तीन झेंडे मागे टाकून पुढच्या गावाच्या तळ्यावर सापडली.

“काकू, रस्ता इतका मोकळा होता, थांबवेचना!”

*

सरावासाठी मी हँडलवर नकाशा लावून चामराजपेटच्या घरून बनशंकरीच्या देवळाकडे निघाले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने अडवलं. माझा जन्म त्याच गल्लीतला, आणि मी नकाशा बघत चाललेली.

“अक्का, स्वल्प बसा. घाबरू नका. घरी फोन लावलाय.”

हे आले आणि मला घेऊन गेले.

*

चौथ्या वेळी मी सगळ्यांत शेवटी सुटले. सहा झेंडे बिनचूक मिळाले. सातवा एका कडुलिंबाला बांधला होता. केतकी तिथून गेली तेव्हा झाडापाशी कुणी नव्हतं. मी पोचले तेव्हा गावातल्या बायकांची पूजा आटोपत आली होती. झेंड्याला हळदकुंकू, वर शेवंतीचे हार, आणि पंच हारांच्या खाली.

“आता हात लावायचा नाही,” एक म्हातारी कन्नडमध्ये म्हणाली.

मी कार्ड पुढे केलं, सातवी चौकट दाखवली. इथे खूण लागते, म्हटलं.

“सरी,” म्हणजे बरं, म्हणाली, आणि बोटाने चौकटीत कुंकू लावलं.

आठवा झेंडा करून मी परत आले तेव्हा चार मिनिटं शिल्लक होती. अण्णांनी कार्ड उजेडात धरलं.

“सातव्यात भोकं कुठायत?”

“कुंकू आहे.”

“कुंकू चालत नाही, अक्का. नियम म्हणजे नियम.”

“पंच हारांखाली होता, अण्णा. हात लावू देईनात.”

“देईनात म्हणजे? झेंडा आपला आहे! थांबा, मीच सोडवून आणतो!”

ते सायकलवर बसून गेले. मी फळ्यासमोर उभी राहिले.

अर्ध्या तासाने अण्णा आले. हात रिकामे. कपाळावर कुंकू, शर्टाच्या खिशात केळं. त्यांनी खडू उचलला आणि माझ्या नावापुढे ‘पूर्ण’ लिहिलं.