राजा दोन्ही वाटांनी मरतो

घेतलेला निर्णय माणूस एक तर मिरवतो नाहीतर विसरतो. पण घेतलेला निर्णय परत जाऊन तपासून येणारा इसम मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. भिवंडीत एका शेठकडे भावजी चेकर होते. यंत्रमागावरून उतरलेला कापडाचा तागा टेबलावरून ओढत न्यायचा, तुटका धागा किंवा तेलाचा डाग दिसला की निळ्या खडूने खूण करायची, एवढंच काम. बाकीचे चेकर कापड एका बाजूने बघत. भावजी ते उलटून दुसऱ्या बाजूनेही बघत आणि मग, पहिल्या बाजूवर अन्याय नको म्हणून, पुन्हा पहिल्या बाजूने. त्यांचे शेठ कोकणी मुसलमान, जुन्या घराण्यातले, सहसा आवाज न चढवणारे. तेही एकदा कंटाळून म्हणाले, "भाऊ, तुम्ही कापड तपासता का कापडाची कुंडली मांडता? बाहर ट्रक खडा है."

कामावर हे ठीक होतं, पण हा माणूस तपासणी घरी घेऊन यायचा. समोरासमोर दोन चहावाले असले की एकाकडे चहा प्यायचा आणि लगेच रस्ता ओलांडून दुसऱ्याकडे, का, तर आधी तिकडे गेलो असतो तर काय झालं असतं ते कळायला नको? एका न्हाव्याकडून केस कापून आले की चार दिवस आरशासमोर उभे, आणि पाचव्या दिवशी उरलेसुरले केस घेऊन दुसऱ्या न्हाव्याकडे. पिक्चरचं तिकीट काढलं तरी मध्यंतरात बाहेर येऊन शेजारच्या थिएटरातून सुटणाऱ्या लोकांचे चेहरे बघणार. बसले तरी गुडघा हलता, उभे राहिले तरी मान मागे. लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर एका रविवारी हे गृहस्थ शहापूरला गेले. लग्नाआधी तिथली एक मुलगी त्यांना सांगून आली होती आणि ह्यांनी नकार कळवला होता, तिचा संसार कसा चाललाय ते पाहायला! तिच्या नवऱ्याने बिचाऱ्याने यांना विमा एजंट समजून चहा पाजला. घरी आल्यावर ताईने पोळी लाटता लाटता विचारलं, "मग? चुकलात का?" भावजी गंभीरपणे म्हणाले, "तसं काही नाही. चहात आलं जास्त घालते." ताईने लाटणं हातातच ठेवलं, पण उगारलं नाही, हे मी तिच्या सहनशक्तीचं उदाहरण म्हणून अजून सांगतो.

यावर आम्ही हसायचो खरे, पण ताईच्या लग्नात मी पाहिलेला माणूस असा नव्हता, आणि हे वेड कुठून लागलं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. भावजी मूळचे भिवंडीजवळच्या अंजूर गावचे. ऐंशीच्या दशकात एका दुपारी त्यांच्या आईच्या छातीत दुखायला लागलं. थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, खाडीकडच्या शेतावर होते. त्यांची वाट बघायला वेळ नव्हता. भावजींनी शेजाऱ्याच्या टेम्पोत गादी टाकली आणि आईला घेऊन निघाले. फाट्यावर ड्रायव्हरने विचारलं, "किधर? भिवंडी या ठाणा?" जवळ म्हणून भावजी भिवंडी म्हणाले. आई रस्त्यातच गेली. तेराव्याच्या पंगतीत दादा सगळ्यांदेखत बोलले, "ठान्याला नेली असती तं आय जगली असती." त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं ते अकरा वर्षं. गणपतीला भावजी बायकामुलांना अंजूरला धाडत आणि स्वतः फाट्यापर्यंत सोडायला जाऊन परत फिरत. ठाण्याला नेलं असतं तर? एवढं एकच त्यांना तपासायचं होतं, आणि तेच तपासता येत नव्हतं. म्हणून बाकीचं सगळं जग ते उलटंपालटं करत असावेत.

नव्वदच्या दशकात मी बाजारात एका दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास काढला. दोन कॉम्प्युटर, चपला बाहेर काढायचा नियम, आणि मागांचा कापूस उडून कीबोर्डवर बसतो म्हणून ताईने शिवून दिलेली झालरीची कव्हरं. कॉम्प्युटर विकणाऱ्याने सोबत एक गोष्टीचा गेम फुकट दिला होता. डोंगराळ मुलखात एक तरुण आजारी राजाला खेचरावर घालून वैद्याकडे निघतो. मध्येच चित्र थांबतं आणि पडदा विचारतो, पुढे कसं जायचं, नदीकाठाने की खिंडीतून? मुलं दोन दिवस खेळली आणि कंटाळली. भावजी एकदा डबा द्यायला आले, त्यांनी तो प्रश्न पाहिला आणि डबा हातात धरून तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या रिकाम्या वेळात ते हजर. इंग्रजीशी त्यांचं जेमतेम, त्यामुळे मी शेजारी बसून सांगायचं. नदीकाठाने गेलो, वैद्याच्या दारात पोचता पोचता राजा मेला. खिंडीतून गेलो, तिथेही मेला. टायपिंगचा सराव करणाऱ्या मुली दचकून बघतील अशा आवाजात भावजी ओरडले, "मेला! इथूनही मेला!" इतक्या आनंदाने मी कुणाला कुणाच्या मरणाची बातमी देताना ऐकलं नाही. पण एका तपासणीवर पास करतील ते भावजी कसले? खेचर बदलून बघ, आधी विश्रांती घेऊन बघ, वाटेत भेटलेल्या भिकाऱ्याला भाकरी देऊन बघ. पंधरा-वीस वेळा राजा मारला आम्ही. तपासून झालेल्या वाटेवर खूण हवी म्हणून एकदा त्यांनी माझ्या मॉनिटरच्या काचेवर निळ्या खडूने फुलीसुद्धा मारली. मधेच लाइट जाई, गल्लीतले सगळे माग एकदम गप्प होत आणि राजा अर्ध्या वाटेवर नाहीसा होई. मग भावजी जिन्यात येरझारा घालत लाइटची वाट बघत.

शेवटी मी वैतागलो. म्हटलं, "भावजी, काहीही निवडलं तरी शेवट तोच, तर निवडायला सांगतात कशाला? ही शुद्ध फसवणूक आहे. त्यापेक्षा सिनेमा बरा, तो निदान तुम्हाला विचारत तरी नाही."

"तुला कळायचं नाही, मेहुण्या," ते म्हणाले. "फरक पडत नसेल तर फार बरं आहे रे."

मी राजाला पुन्हा खेचरावर घातलं.

मग त्यांच्या डोक्यात आलं की हे दादांना दाखवायचं. स्वतः तर बोलत नव्हते, म्हणून ताईला अंजूरला पाठवलं. ताईने तिथे काय सांगितलं देव जाणे, बहुतेक तुमच्या भावाचं डोकं फिरलंय असंच सांगितलं असणार, कारण दादा दुसऱ्याच दुपारी घाईघाईने माडी चढून आले, खांद्यावर टॉवेल, हातात पिशवीभर शेवग्याच्या शेंगा. भावाला धडधाकट बघून ते दाराशीच थबकले. मी खुर्ची दिली. दोघे एकाच कॉम्प्युटरसमोर बसले आणि दोघेही माझ्याशीच बोलायला लागले.

"मेहुण्या, त्यांना सांग, ही खिंडीची वाट," भावजी म्हणाले.

"त्याला सांगा, दिसतंय मना," दादा म्हणाले.

खिंडीत राजा मेला. पुन्हा सुरुवात करून मी नदीची वाट घेतली. त्या वाटेवर राजा खेचरावर पडल्या पडल्या काहीतरी बोलतो. भावजींना निकालाची घाई, म्हणून तेवढा मजकूर मी नेहमी बटण दाबून भराभर पुढे ढकलायचो. तसाच ढकलायला गेलो तर दादांनी माझा हात धरला.

"थांबा, पावनं. यो बोलतोय काय?"

मी वाचून सांगितलं. विशेष काही नव्हतं. राजा विचारत होता की घरच्या दिव्यांत कुणी तेल घातलं असेल ना. मग वैद्याचं दार आलं आणि राजा मेला.

"सांग त्यांना," भावजी म्हणाले. "दोन्ही वाटांनी मेला. वाटेचा दोष नव्हता म्हणावं."

दादांनी पडद्याकडे बोट केलं. मग अकरा वर्षांत पहिल्यांदा धाकट्या भावाकडे तोंड करून म्हणाले, "त्या वाटंनी गप होता. ह्या वाटंनी बोलला." मग खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. "आय वाटंला काय बोलली रं?"

भावजी दचकले. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. त्यांच्या नकळत त्यांची गावची बोली परत आली. "बोलली... थोरल्याला सांग, कोंबड्या कोंडायच्या ऱ्हायल्या हायेत."

दादांनी टॉवेल तोंडाला लावला. "कोंडल्या व्हत्या मी," ते आतूनच म्हणाले. "शेतावरनं आल्या आल्या कोंडल्या व्हत्या. अकरा वरसं सांगितला न्हायस."

"तू इचारला न्हायस. तू ठान्याचाच धरून बसलास."

मला तिथे थांबवेना. बाहेर येऊन मी दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसलो. चारच्या बॅचची मुलं वर आली, त्यांना म्हटलं, आज क्लास नाही, उद्या या. एकाने विचारलं, "सर, लाइट गेली का?" मी हो म्हणालो. समोरच्या गल्लीत माग धडधडत होते, तो पोरगा माझ्याकडे विचित्र नजरेने बघत खाली उतरला. त्या धडधडीतून मला आतलं नीटसं ऐकू येत नव्हतं, भावजी सावकाश काहीतरी सांगत होते, आणि ते थांबले की दादांचा आवाज यायचा, "आनि मंग?"