चुलीपाशी दोन खळगे

माझा मामा आयुष्यभर रांगला, असं मामी म्हणायची. उत्खननावर तो मजूर म्हणून लागला आणि मुकादम होऊन निवृत्त झाला. मातीच्या थरांत गाडलेल्या घराची जमीन ओळखणं हे त्याचं काम. गुडघ्यांवर बसून माती खरवडायची, मग झारीनं हलकं पाणी शिंपडायचं. ओल्या मातीत रंग उठून दिसतात, आणि जिथं माणसं वावरली तिथं पाणी लवकर मुरत नाही.

त्याचा लाडका किस्सा एकच. हजारो वर्षांपूर्वीच्या एका घरात चुलीपाशी दोन खळगे निघाले होते, अगदी शेजारी शेजारी. उत्खननाचे साहेब म्हणाले, इथं रोज दोघं बसत असणार. मामानं त्याला तिखटमीठ लावलं. ती रांधायची, तो लाकडं सारायचा, गप्पा रंगायच्या! घरी कुणीही आलं की हे पुराण सुरू. मामी ओट्याकडे तोंड करून म्हणायची, "मेलेल्यांची चूल बरी दिसते ह्यांना!" आम्ही हसायचो. मामाही हसायचा, खुर्चीत बसूनच.

मग मामी गेली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या मामाला घर खायला उठलं. त्याचा मुलगा, आमचा दादा, परगावाहून आला आणि म्हणाला, "बाबा, हा कोबा उखडून टाइल्स बसवू. कधीतरी ठेचकाळून पडाल."

"खबरदार! आमचा सगळा संसार आहे ह्या जमिनीत."

दोघांचं वाजलं. दादानं मला फोन केला, "तूच समजाव बाई त्यांना."

मी गेले. मामा म्हणाला, "थांब, तुला दाखवतोच." कुंडीपाशी ठेवलेली झारी आणून त्यानं स्वयंपाकघरात पाणी शिंपडलं आणि सवयीनं गुडघ्यांवर बसला.

ओट्यासमोर कोब्याचा लाल रंग पार उडाला होता. तिथं दोन पावलांपुरता खळगा होता, त्यात पाणी थांबलं. दारापाशी खुर्चीच्या पायांचे ओरखडे होते. खळग्याच्या शेजारची जागा मात्र काल घातल्यासारखी लालभडक होती.

मामा तिथं बराच वेळ हात फिरवत राहिला.

"इथं कुणी आलंच नाही गं," तो म्हणाला. "एकटीच उभी होती ती."

मग त्याला रडू फुटलं. मला त्याची दया आली, आणि मामीच्या वतीनं रागही आला. मी त्याला हात देऊन उठवलं.

टाइल्सना मामानं होकार दिला. फक्त गवंड्याला म्हणाला, "ओट्यासमोर दोघांपुरती जागा सोड." गवंडी माझ्याकडे बघू लागला. दादा कुरकुरला, "नव्या टाइल्सना ठिगळ!" पण जागा सुटली.

परवा गेले तर मामा भाजी परतत होता. एका कडेला, भिंतीला कोपर घासत, शेगडीपर्यंत हात लांबवून.

"अरे, जरा समोर सरक ना."

"ती तिची जागा आहे. मी शेजारी उभा राहतो."

मी खाली पाहिलं. त्याच्या पायांखालचा कोबा अजून लालच होता. त्यानंही पाहिलं.

"झिजायला वीस-पंचवीस वर्षं लागतात," मामा म्हणाला, आणि भाजी हलवत राहिला.