एका अक्षराचे व्याही

एकच परकं अक्षर शिकून जन्मभरासाठी समाधानी झालेला माणूस मी जगात एकच पाहिला आहे, आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ आहे. एरवी आमच्या या मेहुण्यांना भाषांचं वेड असं कधीच नव्हतं. पुण्याहून येऊन हॅमिल्टनच्या दूध पावडरीच्या कारखान्यात त्यांनी इंजिनियर म्हणून उभा जन्म नोकरी केली, आणि एवढ्या वर्षांत इथलं म्हणून त्यांच्या बोलण्यात जे शिरलं ते ‘किया ओरा’ हा माओरी नमस्कार आणि ‘झकास’ला ‘स्वीट ॲज’, एवढ्यावर येऊन थांबलं. पण एखादी गोष्ट हातात घेतली की ती तळापर्यंत खरवडायची, हा त्यांचा स्वभाव. घरात डिशवॉशर आला तेव्हा त्यांनी त्याची माहितीपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि त्यानंतर भांडी हातानेच घासायला घेतली, कारण मशीनच्या मर्यादा त्यांच्या लक्षात आल्या होत्या. वहिनींनी तो डिशवॉशर आता डाळी ठेवायला घेतला आहे.

त्यांच्या मुलीने, म्हणजे आमच्या भाचीने, एका चिनी मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा मेहुण्यांची हरकत काहीच नव्हती. मुलगा इथेच वाढलेला, सालस, शिवाय भाकरी खाणारा. काळजी एकच होती. मुलाची आई मागेच वारली होती, आणि वडील न्यू लिनला मुलाजवळ राहत होते. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. भाची म्हणाली, मी आहे ना सांगायला, शिवाय फोनमध्ये ॲप आहे. मेहुण्यांना ते मुळीच पटलं नाही. आमच्या घरी येऊन ते मला म्हणाले, “व्याही म्हणजे हक्काचा माणूस. त्याच्याशी जन्मभर नुसतं हसून दाखवायचं का?” मी म्हटलं, बरेच लोक तसंच करतात आणि त्यांचं उत्तम चालतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बशीतली चकली उचलून तोंडात घातली.

म्हणून त्यांनी चिनी शिकायचं ठरवलं. त्यात अक्षरं हजारो असतात हे कळल्यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि एकच शिकायचं, पण कसून, असा निर्णय जाहीर केला. अक्षर निवडलं ते चहाचं: 茶. पुढचे काही महिने ते सँडरिंगहॅमला, आमच्या घराजवळच्या भारतीय दुकानांत, आलं आणि चहाची पावडर घ्यायला आले की आमच्याकडे डोकावत, आणि मग मला त्या अक्षरातून सुटका नसे. वर गवत, मध्ये माणूस, खाली झाड. म्हणजे गवत आणि झाड यांच्यामध्ये बसलेला माणूस तो चहा. हे ऐकून मी खरोखर खूश झालो, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की हे सगळं लोकांनी मागाहून रचलेलं आहे. मूळ अक्षर एका कडू पाल्याचं होतं, त्यातली एक रेघ पुढे कधीतरी गळाली आणि उरला तो चहा. मग इतका वेळ गवत आणि माणूस कशाला सांगितलात, असं मी विचारलं. खोटं असलं तरी लक्षात ठेवायला बरं आहे, असं ते म्हणाले. जपानात याच अक्षराच्या रेघा सुट्या करून त्यांतून आकडे वाचतात, त्यांची बेरीज एकशे आठ करतात आणि माणसाच्या एकशे आठाव्या वाढदिवसाला चहाचं नाव देतात, हे त्यांनी आम्हाला भर जेवणात सांगितलं. जपमाळेचे मणीही तेवढेच, हे त्यांच्या आधी माझी बायको म्हणाली. तेव्हापासून ते तिला विद्वान समजतात.

उच्चारही त्यांनी घोटला होता. ‘छा’, पण सूर प्रश्न विचारल्यासारखा वर गेला पाहिजे. हॅमिल्टनहून न्यू लिनपर्यंतच्या गाडीत वहिनींनी तो प्रश्न दीड तास ऐकला. व्याह्यांच्या दारात मेहुण्यांनी हात जोडले आणि म्हटलं, “छा?” व्याही हसले आणि म्हणाले, “ते.” व्याही मूळचे चीनच्या फुजियान प्रांतातले, आणि त्यांच्या गावात चहाला ‘ते’च म्हणतात. त्यांच्याकडच्या बंदरातून ज्यांनी चहा नेला त्यांनी तो शब्दही नेला. इंग्रजांचा ‘टी’ तिथलाच, आणि आपला चहा त्या ‘छा’चा. मेहुणे इतकी वर्षं ‘टी’ हा गोऱ्यांनी केलेला अपभ्रंश आहे असं सगळ्यांना सांगत आले होते. ते मत त्यांनी व्याह्यांच्या उंबऱ्यावरच मागे घेतलं. मग टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी ते अक्षर काढलं. झाड खालून वर वाढतं म्हणून त्याचं खोड त्यांनी खालून वर ओढलं. व्याह्यांना ते बघवेना. त्यांनी मेहुण्यांचं बोट धरलं आणि तीच रेघ वरून खाली ओढायला लावली. तोवर आधीचं गवत वाळून गेलं होतं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

खरी पंचाईत पुढे झाली. व्याह्यांचा चहा बिनदुधाचा, आणि पेला संध्येच्या पळीपेक्षा थोडा मोठा. पाहुण्याचा पेला रिकामा दिसला की भरायचा, ही त्यांची रीत. पुरे झालं तर पाहुण्याने तो भरलेलाच ठेवायचा. आमच्याकडे वाढलेलं टाकायचं नाही, हे मेहुण्यांच्या हाडात मुरलेलं. व्याही भरत होते आणि हे संपवत होते. दोघांपैकी कोणीच हार मानेना. शेवटी भाची म्हणाली, “बाबा, तू कप भरलेला ठेव ना. ते थांबतील. तू ऑलरेडी हीप्स, ढीगभर चहा प्यायलायस.” बाबांनी मान डोलावली आणि तोही संपवला. पुढे दर रविवारी हेच चाललं. एकदा परतताना मीही त्यांच्याकडे राहायला म्हणून त्यांच्याबरोबर गाडीत होतो. वाटेत तिसऱ्यांदा पेट्रोल पंपावर थांबावं लागलं, तेव्हा मी विचारलं की आता तर नियम माहीत झालाय, मग ठेवत का नाही भरलेला? ते पट्टा लावत म्हणाले, “भरलेला ठेवला की उठावं लागतं.”

व्याही हॅमिल्टनला यायचे तेव्हा उलटं होई. मेहुणे दूध घालून, आलं ठेचून, साग्रसंगीत चहा करायचे. व्याही एक घोट घेऊन कप तसाच भरलेला ठेवायचे. त्यांच्या रीतीने ते पोट भरल्याचं सांगत असतील, हे मेहुण्यांना समजत होतं, पण दूध पावडरीत हयात घालवलेल्या माणसाला ते सोसत नव्हतं. कधी वेलची, कधी गवती चहा, कधी साखर कमी, असे प्रयोग त्यांनी पाच-सहा वर्षं केले. कप भरलेलाच राहिला. “आवडत नसेल,” ते मला एकदा म्हणाले, आणि एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा बघून मला वाईट वाटलं.

गेल्या हिवाळ्यात व्याह्यांनी कायमचं परत जायचं ठरवलं. गुडघे गेले होते, इथली ओल सोसत नव्हती, आणि तिकडे मोठा मुलगा बोलावत होता. निघायच्या दिवशी ते हट्टाने आधी हॅमिल्टनला आले. बॅगा गाडीतच होत्या. मेहुण्यांनी नेहमीचा चहा केला आणि समोर ठेवून खिडकीबाहेर बघत बसले. त्यांना तो भरलेला कप या वेळी बघायचा नव्हता. व्याह्यांनी कप उचलला आणि सावकाश, मध्ये कुठेही न थांबता, संपवला. मग तो टेबलावर ठेवून मेहुण्यांच्या दिशेने थोडा सरकवला.

आम्हा सगळ्यांना एव्हाना तो नियम पाठ होता. मला भरून आलं, आणि मी ते लपवलं नाही. भाचीने विमानाला किती वेळ आहे ते घड्याळात पाहिलं आणि बाही त्यावर ओढून घेतली. मेहुणे उठले, स्वयंपाकघरात गेले आणि दुधाचं पातेलं पुन्हा चढवलं. या खेपेला त्यांनी आलं दुप्पट घातलं आणि आच बारीक ठेवली. आलं नीट उतरायला वेळ लागतो, एवढंच ते म्हणाले.