हन्नाकाकूंचा शनिवारचा चहा

सांताक्रूझच्या विमानतळावर मला पोचवायला आमच्या मुलुंडच्या बैठ्या चाळीतली एकवीस माणसं आली होती, आणि त्यांतल्या वीस जणांचं एकमत होतं की मला वेड लागलं आहे. पंचवीस वर्षांची, म्युनिसिपालिटीच्या शाळेत चांगली चिकटलेली मास्तरीण सगळं सोडून वाळवंटात फुकट शिकवायला जाते म्हटल्यावर लोक दुसरं काय म्हणणार? अण्णा, म्हणजे माझे वडील, फाटकाशी एवढंच म्हणाले, "एक वर्ष म्हणजे एक वर्ष. अधिक महिना आला तरी तेरावा महिना नको."

एकविसावी माझी आई. तिच्या हातात पोहे आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या भरलेला पत्र्याचा डबा होता. तो माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "हन्नाबाईंना दे. आणि बघ गं, शनिवारी त्यांचा स्टो तिथे कोण पेटवतं ते." पोरगी पहिल्यांदा विमानात बसते आहे, परत कधी दिसेल देव जाणे, आणि आईला काळजी कसली, तर शेजारणीच्या स्टोची. मला हसू आलं आणि मग विमानात बसल्यावर रडूही आलं. शेजारच्या बाईंनी लिमलेटची गोळी दिली.

हन्नाकाकू आणि डॅनियलकाका पेणकर हे आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. त्यांच्या पूर्वजांचं गलबत फार जुन्या काळी नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, वाचले ते तिथेच राहिले, तेलाच्या घाण्या चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाववाले त्यांना शनवारतेली म्हणत. आमचं मूळ गावही अलिबागजवळचंच. काकूंच्या आणि आईच्या बोलण्यात तसूभर फरक नव्हता आणि भांडणात तर मुळीच नव्हता. डॅनियलकाका रेल्वेत कारकून होते, पण शनिवारी गाडीत पाय ठेवत नसत. मुलुंडहून ठाण्याच्या सिनेगॉगला, त्यांच्या शब्दात मशिदीत, भल्या सकाळी चालत जात. मिठागरांच्या बाजूने पांढऱ्या कपड्यांतले काका दिसले की शनिवार आहे हे आम्हाला कॅलेंडर न बघता कळे.

त्या दिवशी त्यांच्या घरी विस्तव पेटत नसे. काकू सकाळी आमच्या उंबऱ्याशी येऊन बसायच्या आणि हवापाण्याचं काहीतरी बोलायच्या. मग आई हातातलं काम टाकून उठायची. "हन्नाबाई, मलाच चहा हवाय हो, तुमच्याकडचा," असं म्हणत ती त्यांच्या घरात शिरायची, स्टोला पिन मारून पंप करायची आणि भलंमोठं आधण ठेवायची. लहानपणी मला याची फार लाज वाटायची. स्वतःच्या घरात चहापत्ती असताना दर शनिवारी शेजारी जाऊन चहा मागायचा म्हणजे काय! मैत्रिणींना कळू नये म्हणून मी अंगणात मोठमोठ्याने पाढे म्हणत बसे.

पाढ्यांवरून मिल्का आठवली. मिल्का ही काकूंची एकुलती एक लेक आणि माझी विद्यार्थिनी. मी शिकवलेल्या पोरांमध्ये गणितात तिच्यासारखी दुसरी नाही. पावकी, निमकी, दिडकी, औटकी, अपूर्णांकांचे सगळे पाढे तोंडपाठ. आमच्या वर्गात माझा एक कडक नियम होता: हिशेब डोक्यात करायचा, पाटीवर फक्त उत्तर लिहायचं. पाटी बरबटवणाऱ्याला मी उभं करायची. मिल्काची पाटी नेहमी स्वच्छ असायची, मधोमध एक आकडा आणि तो बरोबर. ती बारा वर्षांची असताना पेणकर मंडळी सामानसुमान आवरून इस्रायलला कायमची गेली. आई तेव्हा दोन दिवस जेवली नाही. तिने कारण मात्र पोट बिघडल्याचं सांगितलं.

वर्षभराने काकूंचं पत्र आलं. मिल्काला भाषा येत नाही म्हणून शाळेने लहान पोरांत बसवलं आहे, ती शाळेत तोंडच उघडत नाही, बाई म्हणतात मुलगी मंद आहे. परीक्षेत निभावलं नाही तर शाळेतून काढून संत्र्यांच्या पेट्या भरायच्या कामाला लावणार. "नलू, तुझी मिल्का मंद आहे का गं?" एवढंच शेवटी लिहिलं होतं. ते वाक्य मी किती वेळा वाचलं सांगता येणार नाही. माझ्या हाताखालची पोर, आणि मंद? गणिताची पुस्तकं पाठवून हे भागणार नव्हतं. तिथल्या आपल्या पोरांना मराठीतून शिकवून वर्गाच्या बरोबरीला आणायला कोणीतरी हवं होतं. जेवणखाण आणि खाट पेणकरांचं नवं गाव देणार होतं. अर्ज केला, सहा महिने कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या आणि इस्रायलला निघालेल्या मंडळींच्या विमानात मला जागा मिळाली.

गाव म्हणजे बीरशेबाच्या पुढे वाळूत मांडलेल्या सारख्या घरांच्या रांगा. झाड एक नाही. मुलुंडला आमच्या विहिरीवर भांडणं व्हायची, इथे नळाच्या रांगेत होतात. फक्त इथे ती पाच भाषांत होतात. मोरोक्कोवाले, इराकवाले, रुमानियावाले आणि आपले पेण-पनवेलवाले. सगळे यहुदीच, पण एकाचं जेवण दुसऱ्याला तिखट आणि दुसऱ्याचं तिसऱ्याला अळणी. आपल्या लोकांचा सावळा रंग बघून काही जण विचारत, तुम्ही खरे यहुदी कशावरून? डॅनियलकाकांना ते फार लागायचं. ज्या धर्मासाठी जन्मभर मुलुंड-ठाणे पायपीट केली, त्याची खूण आता कोणाला दाखवायची, असं ते एकदा मला म्हणाले. 

पहिल्याच शनिवारी मी आईचं काम करायला उठले, तर स्वयंपाकघरात वातीचा स्टो मंद जळत होता. इथे काकू शुक्रवारी दिवस मावळण्याआधी तो पेटवतात, वर पत्रा टाकतात आणि किटली ठेवून देतात. शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. आईला मी कळवलं की स्टो कोणालाच पेटवावा लागत नाही. लिहिताना थोडं वाईट वाटलं.

संध्याकाळी काकूंच्या ओसरीवर माझा वर्ग भरे. चौदा पोरं, मराठीत विचारायची, हिब्रूत भांडायची. आणि मुलं गेली की माझी शाळा सुरू व्हायची, त्यांच्या चालीरीतींची, मास्तर डॅनियलकाका. आईच्या पोह्यांचा काकूंनी मलिदा केला, गूळखोबरं घालून, एलियाहू हन्नाबीच्या नावाने. हा त्यांचा पैगंबर अलिबागजवळ येऊन गेला, दगडावर त्याच्या घोड्याच्या टापा उमटल्या आहेत, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. इथल्या शेजाऱ्यांना त्याचं नाव ठाऊक, पण टापांची गोष्ट नवी. काका ती सांगायला लागले की मान ताठ व्हायची. एकदा ते मला जेरुसलेमला घेऊन गेले. शहराची फाळणी झालेली, जुनं शहर तारेच्या कुंपणापलीकडे, दुसऱ्या देशात. आम्ही एका गच्चीवरून बघितलं. काका बराच वेळ टोपी सारखी करत राहिले आणि मग म्हणाले, "नवगावचा समुद्रही असाच लांबून बरा दिसायचा, गं."

त्याच प्रवासात मी त्यांना विचारलं की मुलुंडला काकू आईला सरळ 'स्टो पेटव' असं कधीच का म्हणत नसत. काका म्हणाले, शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी जे आपण करायचं नाही, ते दुसऱ्या धर्माच्या माणसाला करायला सांगायचंही नाही. त्याने आपल्यासाठी केलेलंही चालत नाही. पण त्याने स्वतःसाठी केलं आणि आपला फायदा झाला, तर गोष्ट वेगळी.  वीस वर्षं आई म्हणत होती, मलाच चहा हवाय. चौथी पास बाई, तिला हा नियम कोणी सांगितला होता? आणि मी पाढे म्हणून तिचा आवाज झाकत होते.

वल्हांडणाच्या, म्हणजे यहुद्यांच्या वसंतातल्या सणाआधी परीक्षा झाली. हिब्रू कसंबसं, पण गणितात मिल्काची सगळी उत्तरं बरोबर. मी पेढे वाटायच्या तयारीत, आणि निरोप आला की पेपर रद्द. मुलीने नक्कल केली आहे. कारण काय, तर पानावर नुसती उत्तरं. रीत नाही, पायऱ्या नाहीत, कच्चं काम नाही. बाईंचं चुकलं नव्हतं. इथे प्रत्येक पायरीला गुण असतात आणि मधलं काही न लिहिता उत्तर आलं तर ते शेजारच्या वहीतूनच आलेलं असतं. स्वच्छ पाटीचा माझा नियम मिल्काने हजारो मैलांवर पाळला होता. मी सहा महिने तिच्याकडून भाषा घोकून घेतली, अपूर्णांक शिकवले, पण 'इथे रीत लिही' हे एक वाक्य सांगायचं मला सुचलं नाही. तो नियम मला इतका अंगवळणी पडला होता की जगात कुठे दुसरा असेल हे डोक्यातच आलं नाही.

मुख्याध्यापकांपुढे आम्ही उभ्या राहिलो. मी, मिल्का, तिच्या बाई आणि दारात काका-काकू. मुख्याध्यापक बगदादचे, वयस्कर, इंग्रजी जाणणारे. मी सांगितलं की चूक माझी आहे, मीच हिला असं शिकवलं. ते म्हणाले, ठीक आहे, मग तिने तोंडी सांगावं. मिल्का जमिनीकडे बघत राहिली. दोन वर्षांत तिने त्या शाळेत तोंड उघडलं नव्हतं, आता काय उघडणार? बाईंनी हातातली वही मिटली.  संत्र्यांच्या पेट्या मला डोळ्यांसमोर दिसायला लागल्या.

"मिल्का, हात मागे घे," मी म्हटलं. "मुलुंडच्या शाळेत उभी आहेस. औटकी म्हण."

तिने हात मागे घेतले. "एक औट साडेतीन," ती पुटपुटली. मग, "दोन औट सात." तिसऱ्याला सूर लागला, पाचव्याला ती डुलायला लागली, आणि दहापर्यंत आवाज असा चढला की बाहेरची पोरं खिडकीत गोळा झाली. मुख्याध्यापक खुर्चीत पुढे सरकले. त्यांना अक्षर कळत नव्हतं, पण त्यांची मानही तालावर हलत होती. ते मला म्हणाले की लहानपणी बगदादेत तेही असेच डुलत धर्मग्रंथाचा पाठ म्हणत, आणि ही पद्धत आता कोणाला येत नाही असं त्यांना वाटत होतं. मग त्यांनी एकदम हिब्रूत विचारलं, तेवीस साडेतीन? पाढ्याच्या बाहेरचं. मिल्काने मान वर केली आणि हिब्रूतच उत्तर दिलं, साडेऐंशी. त्या शाळेत तिने मोठ्याने उच्चारलेला तो पहिला हिब्रू शब्द. बाईंनी कागदावर गुणाकार करून पाहिला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला असा अभिमान वाटला की तो लपवायची मला आजही गरज वाटत नाही.

निकाल सांगायला मुख्याध्यापक स्वतः आले, आणि तेही शनिवारी, चालत. मिल्का तिच्या वयाच्या वर्गात जाणार होती. काकूंना काय करू नि काय नको असं झालं. पण त्या दिवशी पहाटेपासून वाळूचा वारा सुटला होता, फटीतून आत आला होता आणि स्टो विझला होता. घरी एवढा मोठा पाहुणा, आणि घोटभर चहा नाही. काकू स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "काय वारा सुटलाय बाई आज," एवढंच म्हणाल्या.

मी उठले. "काकू, मलाच चहा हवाय हो, तुमच्याकडचा," असं म्हणत आत गेले, काडी ओढली आणि भलंमोठं आधण ठेवलं.

मुख्याध्यापकांनी काकांकडून माझं वाक्य समजून घेतलं आणि ते खळखळून हसले. फार सोवळ्याचे नव्हते ते. म्हणाले, तुझं पिऊन झालं आणि काही उरलं तर बघू. मग कप हातात घेऊन विचारू लागले की हे तू कुठल्या गुरूकडे शिकलीस. मी म्हटलं, आईकडे. आणि तिला कोणी शिकवलं? त्याचं उत्तर काकूंनी दिलं. "तिला कोण शिकवणार? ती मुलुंडची आहे."

त्याला आता वर्ष होत आलं. अण्णांचा तेरावा महिना कधीच उलटून गेला. गावाने राहा म्हटलं, मी राहिले. अण्णा पत्रात रागावतात आणि त्याच पत्रात पोरांसाठी उजळणीची पुस्तकं पाठवतात. ओसरीवर आता लहान पोरांची दिडकी मिल्का घेते आणि रीत लिहिली नाही तर उभं करते. तुम्ही मागे राहिलेले विचारता, घरी कधी येणार? माझ्यासारखे बाहेर पडलेले विचारतात, कुठलं घर? मला एवढं कळलं आहे की न सांगता जिथे आपण उठून काडी ओढतो, तिथे आपण पाहुणे नसतो. अशी दोन घरं मिळालेली मी एक भाग्यवान मास्तरीण आहे.

आईने परवाच्या पत्रात पुन्हा विचारलं, शनिवारी हन्नाबाईंचा स्टो कोण पेटवतं? वाळूचा वारा तो अजूनही अधूनमधून विझवतो, म्हणून मी उलट टपाली एक शब्द लिहिला: मी. आणि खाली लिहिलं, आई, चहा मलाच हवा असतो.